पाकळीची पाठ

वैशाखातला मंगळवार, अकराचा सुमार.
फणसेकाका कुंडी मांडीवर घेऊन रिक्षातून आले,
दांडिया बाजारापासून थेट आमच्या वनस्पती विभागापर्यंत,
फुलांना झळ लागू नये म्हणून
वर्तमानपत्राचा आडोसा धरून.
"बेन, जरा जो ने," म्हणाले. "ही तीच का?"

आठ फुलं. चौकडीची नक्षी,
पिवळसर तपकिरी, ओठ जांभळा.
दुरून रास्नाच.

मी भिंग घेतलं.
मुलांना मी सांगते, रंगाला आधी विचारू नका,
रंग बोलघेवडा असतो.
पाकळी देठाशी कशी निमुळती होते ते बघा.
रानातलीची कड मुडपलेली,
एखादी पाकळी तर रुसल्यासारखी वळलेली.
ही सगळी गोल, सपाट, भरलेली,
फोटोसाठी ओळीत बसवल्यासारखी.
ओठाचा मधला भाग सारंगीच्या घाटाचा हवा,
इथे तो नुसताच पसरलेला.

शेवटी पाकळी उलटायची.
रास्नेची पाठ पांढरी असते.
सगळी नक्षी पुढून,
मागे देवळाच्या भिंतीसारखा साधा चुना.

ही मागूनही गुलाबी होती.

"काका," मी म्हटलं, आणि अडले.
"वास नाही," तेच म्हणाले.
"शरयूच्या कुंडीला सकाळचं ऊन लागलं
की माझ्या चहात वास उतरायचा.
चिमन म्हणाला, झाड म्हातारं झालं, साहेब,
वास सोडला त्याने.
मी मानलं. मीही बरंच सोडलंय."

मी कपाट उघडलं.
तिसऱ्या खणात तिचा कागद होता:
जांबुघोडा, महुड्याच्या खोडावर, मे १९८१,
सं. शरयू फणसे.
निळ्या शाईतला तिचा तिरका 'श',
आणि खाली चिकटपट्टीखाली
विड्याच्या पानासारखं वाळलेलं एक झुपकं.
नियमात बसत नव्हतं, तरी
पाकिटातलं एक सुटं फूल मी काढलं
आणि चहाच्या भांड्यात पाणी उकळायला ठेवलं.

गरम पाण्यात सुकलेलं फूल
हळूच उलगडतं.
रंग येत नाही. आकार येतो.
आधी एक पाकळी, मग दुसरी, कंबरेत वळलेली,
मग ओठ: सारंगी,
चव्वेचाळीस वर्षांनी पुन्हा जागेवर.

काका वाकले. वास घेतला.
"डांबराच्या गोळ्या," म्हणाले,
आणि हसले, आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले.

मग व्यवहाराचं बोलू लागले.
"हिच्यात तिचं काही आहे का?"
असेल, मी म्हटलं. आजी असेल, पणजी असेल.
चौकडी कुठून तरी आलीच आहे.
बाकी कोण कोण मिसळलंय
ते नर्सरीवाल्यालाही ठाऊक नसेल.
"आणि पाणी?"
थोडं जास्त. ही लाडावलेली असते.

कुंडीत शरयूबाईंची ॲल्युमिनियमची पट्टी तशीच खोचलेली,
खिळ्याने कोरलेलं नाव.
मी नवी पट्टी कापायला कात्री घेतली,
नावापुढे संकराची फुली घालावी लागते म्हटलं.
त्यांनी माझा हात थांबवला.
"मागच्या बाजूला लिही. बारीक.
चिमन रोज सकाळी पुसतो ही पट्टी.
झाड मेलं तेव्हा आठवडाभर जेवला नव्हता,
मला वाटलं, गावी कुणी गेलं असेल.
त्याला कळता कामा नये की मला कळलं."

मी मागे लिहिलं. बारीक.
एक फुली आणि एक प्रश्नचिन्ह.

रिक्षा गेल्यावर भांड्यातलं फूल
टिपकागदावर काढून घेतलं.
एकदा भिजवलेलं फूल
पहिल्यासारखं पाकिटात घालता येत नाही,
त्याची वेगळी नोंद करावी लागते:
कोणी उकळलं, कधी, कशासाठी.
तारीख लिहिली. सही केली.
'कशासाठी'च्या रकान्यात
पेन बराच वेळ टेकवून ठेवलं,
मग लिहिलं: तुलनेसाठी.